दप्तर कोणाच्या घरीं असावें?

मुंबईच्या उत्तरेस, मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिम कडेला उत्तन, डोंगरी, चौक, तारोडी या गांवांचा एक पट्टा आहे. जुन्या कागदांत या टापूला धारावी बेट म्हटलेलें आढळतें. मुंबईंतील गजबजलेली धारावी ती ही नव्हे. वसईच्या खाडीच्या मुखापाशीं, वसईच्या किल्ल्यासमोरच्या कांठावर हें बेट पडतें. त्यामुळें वसई ज्याला हवी, त्याला धारावी हवीच. १७३७ पासून मराठे व पोर्तुगीज यांची या बेटासाठीं झुंज चालली. मार्च १७३९ मध्यें तें चिमाजीअप्पांच्या फौजेच्या हातीं आलें आणि मे महिन्यांत वसई पडली.

ही हकीकत आज तपशिलानें सांगतां येते, याचें श्रेय तलवारीपेक्षां रुमालांत बांधलेल्या कागदांना अधिक आहे. छावणींतून पुण्यास पत्रें जात. तीं पुण्यांत जपून ठेवलीं गेलीं. दोनशें वर्षांनीं, १९३० ते १९३४ या काळांत, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. त्यांतील सोळावा खंड वसईच्या मोहिमेला दिलेला आहे. प्रतिपक्षही गाफील नव्हता. गोव्यांत पोर्तुगीजांचें राजदप्तर होतें आणि १५९५ मध्यें दिओगु दु कौतु या इतिहासकाराची त्यावर नेमणूक झाली होती. लिस्बनशीं होणारा पत्रव्यवहार तेथें ग्रंथवार बांधला जाई. पुढें याच दप्तराचे प्रमुख झालेले पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं त्या कागदांवरून पोर्तुगेज-मराठे संबंधांचा इतिहास लिहिला. एका लढाईचीं दोन दप्तरें, आणि तीं दोन शत्रूंच्या घरीं; इतिहासाला याहून चांगली सोय दुसरी कोणती असणार?

पेशव्यांचें हुजूर दप्तर म्हणजे कागदांचा नुसता ढीग नव्हता. त्यांतील चालतें दप्तर फडणिसांच्या हाताखालीं असे व रोजचे हिशेब आणि हुकूम तेथें लिहिले जात. एकबेरीज दप्तर मात्र कायम पुण्यास राही. सर्व खात्यांचे हिशेब तेथें येत, लावले जात आणि त्यांचा गोषवारा तयार होई. या कामावर दोनशेंहून अधिक कारकून असत. बोरू, शाई व मोडी अक्षर एवढ्याच साधनांवर हा कारखाना चालला होता.

त्याच्यावर घाला आला तो १७६३ मध्यें. निजामाची फौज पुण्यावर चालून आली, तेव्हां गोपिकाबाई व नारायणराव यांच्याबरोबर सरकारी कागदपत्र सिंहगडाकडे हलविण्यांत आले. शत्रूच्या एका तुकडीनें गडाखालचें गांव जाळलें आणि मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद त्यांत नष्ट झाले, असें ग्रँट डफनें लिहून ठेवलें आहे. ज्या कागदाची दुसरी नक्कल कोठेंच नव्हती, तो कायमचा गेला.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं शत्रूची गरज उरली नाहीं. कारकुनांचे पगार तुटले, दप्तराची शिस्त गेली, रुमाल विस्कटले. आगीची बातमी तरी होते. दुर्लक्षाची होत नाहीं.

१८१८ मध्यें राज्य गेलें आणि दप्तरही इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. सुमारें पस्तीस हजार रुमाल आज पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहेत. त्यांत नंतरचे इंग्रजी कागदही आले. नव्या सरकारनें हे कागद टाकले नाहींत, ही गोष्ट न्यायानें मान्य केली पाहिजे. परंतु त्याला ते इनामांच्या चौकशीसाठीं हवे होते, इतिहासासाठीं नव्हे. अभ्यासकांना तेथें मोकळा रिघाव नव्हता. रावबहादूर वाडांनीं काढलेले उतारे व त्यांवर १९०० मध्यें न्यायमूर्ति रानड्यांनीं केलेलें विवेचन एवढ्यावरच पुष्कळ वर्षें भागवावें लागलें. कागद सुरक्षित होते. पण ज्यांच्या पूर्वजांनीं ते लिहिले, त्यांना ते पाहण्यासाठीं दुसऱ्याची परवानगी लागत होती.

मग इतिहास लिहिला गेला तो कशावरून? लोकांच्या घरांतील दप्तरांवरून. मिरजेस वासुदेव वामनशास्त्री खरे यांनीं पटवर्धन सरदारांचे कागद हातीं घेतले व १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढण्यास आरंभ केला. विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांना वाईस एका घरांत पानिपतच्या काळचीं पत्रें मिळालीं. १८९८ मध्यें त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढें राजवाडे गांवोगांव हिंडले आणि १९१० मध्यें त्यांनीं मेहेंदळ्यांसह पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. एक दरवाजा बंद असतां शेंकडों माळे उघडले ते असे. मात्र त्याच माळ्यांवर वाळवी व कसर यांचेंही राज्य होतें. घरचें दप्तर स्वतंत्र होतें खरें. पण त्याला राखणदार असेलच अशी खात्री नव्हती.

हा सारा प्रश्न आज पुन्हां घरोघर आला आहे. फक्त रुमालाच्या जागीं तबकडी आली आहे. लग्नाचीं छायाचित्रें, सातबाऱ्याचे उतारे, मुलांचीं प्रमाणपत्रें, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, हें सर्व बहुतेक कुटुंबें परदेशी कंपन्यांच्या कोठारांत ठेवतात. कोठार उत्तम असतें, पण अटी मालकाच्या. गूगलनें छायाचित्रांची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हां आपण भाडेकरू आहों हें अनेकांना प्रथम उमगलें. यावरचा एक उपाय म्हणजे घरचें कोठार, अर्थात् स्वतःचा सर्व्हर.

त्याची जुळणी वाटते तितकी अवघड नाहीं. एखादा जुना संगणक किंवा दोन तबकड्यांची लहानशी पेटी अहोरात्र चालू ठेवावयाची व तिच्यावर योग्य ती प्रणाली बसवावयाची. घरांतल्या घरांत फाइली वाटून घेण्यासाठीं सांबा नांवाची मोफत प्रणाली आहे. कॅनबेरा येथील अँड्रयू ट्रिजेल यानें ती १९९१-९२ मध्यें लिहिली. बाहेरगांवाहून किंवा फोनवरून कोठार वापरावयाचें तर जर्मनींतील फ्रँक कार्लिचेक यानें २०१० मध्यें सुरू केलेलें ओनक्लाउड आणि त्यांतूनच २०१६ मध्यें निघालेलें नेक्स्टक्लाउड आहे. फोनवर काढलेलें छायाचित्र आपोआप घरच्या तबकडीवर येऊन पडतें. बाहेरून पोंचण्याची वाट मात्र विचारानें काढावी. अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र पत्ता मिळत नाहीं. आणि मिळाला तरी दार सताड उघडें ठेवण्यापेक्षां वायरगार्डसारख्या सांकेतिक भुयारांतून येणें बरें.

खरें काम जुळणीनंतर सुरू होतें. दोन तबकड्यांवर तोच मजकूर एकाच वेळीं लिहिण्याची रीत आहे. अशा योजनांना रेड हें नांव अमेरिकेंतील बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या शास्त्रज्ञांनीं दिलें व १९८८ मध्यें तीं सविस्तर मांडलीं. एक तबकडी बिघडली तर दुसरी तगते. पण चुकून फाइल पुसली तर ती दोन्हींवरून पुसली जाते, आणि घराला आग लागली तर दोन्ही एकाच आगींत जळतात. म्हणून जाणते लोक तीन नकला ठेवतात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गांवीं. शिवाय अधूनमधून त्या नकलेतून एखादी फाइल परत काढून पाहावी. न उघडलेला रुमाल आंतून वाळवीनें खाल्लेला असूं शकतो. तारोडीसारख्या समुद्रकांठीं खारी हवा यंत्राच्या धातूला सोडीत नाहीं, आणि पावसाळ्यांत वीज अचानक जाते. तेव्हां यूपीएस हवा, जागा कोरडी हवी, आणि प्रणालीच्या नव्या सुधारणा वेळेवर चढविल्या पाहिजेत. आठवड्यांतला अर्धा तास ज्याला यासाठीं देतां येत नाहीं, त्यानें भाड्याचेंच कोठार ठेवावें आणि एक नक्कल घरीं उतरवून घ्यावी.

राहतां राहिली वाचण्याची गोष्ट. पेशवे दप्तरांतील असंख्य बंद शाबूत आहेत, पण मोडी वाचणारे थोडे. घरच्या सर्व्हरवरील मजकूर चोरापासून राखण्यासाठीं तो सांकेतिक रूपांत ठेवतात. त्याचा परवलीचा शब्द घरांतील एकाच माणसाला ठाऊक असला, तर त्याच्या पश्चात् बाकीच्यांना ती तबकडी मोडीहूनही दुर्बोध. हा शब्द कागदावर लिहून, लखोट्यांत घालून, घरच्या दागिन्यांबरोबर कपाटांत ठेवण्याची चाल आतां कांहीं कुटुंबांत पडूं लागली आहे.