उशीखालची भाकरी

पणजीच्या उशीखाली रोज रात्री भाकरीचा तुकडा असायचा. आजी सांगायची, "आईचा डोळा लागला की मी हळूच हात घालून बघायचे. असायचाच. सकाळी मुंग्या झटकायची, कोंबड्यांना टाकायची आणि रात्री पुन्हा नवा ठेवायची."

पणजी केडगावला आली १८९७च्या सुमारास. मध्य प्रांतात दुष्काळानं माणसं पटापट मरत होती. पंडिता रमाबाई स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना आपल्या आश्रमात घेऊन आल्या. त्यांतलीच ही एक, सहा-सात वर्षांची. गावाचं नाव सांगता येईना, बापाचंही नाही. आजी म्हणायची, "आधी जेवायला वाढलं, मग नाव विचारलं. नाव नव्हतं, तर तेही दिलं."

भूक रमाबाईंना पुस्तकातून कळलेली नव्हती. तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांत तीर्थामागून तीर्थं पायी हिंडताना त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती. व्रतं झाली, दानं झाली, देव काही प्रसन्न झाला नाही. पुढं १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालाच नाही, हे त्यांना उमगायला आणखी आठेक वर्षं गेली. तारण फुकट मिळतं, ही गोष्ट एवढ्या विदुषीलाही सहज पचली नाही. मग उपाशी पोरीला एका रात्रीत कशी पचावी?

मी चौथीत असताना वर्गातला एक मुलगा म्हणाला, "तुम्ही पोटासाठी बाटलेले." मी रडत घरी आलो. आजी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मग? भुकेल्या लेकराला देवानं आधी जेवायला घालायचं का परीक्षा घ्यायची?"

त्या रात्री तिनं उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. तिची सांगण्याची तऱ्हा निराळी. म्हणायची, "पोरगं वाटेनं वाक्यं पाठ करत आलं होतं. शेवटी म्हणणार होतं, मला चाकर म्हणून ठेवा. पण बापानं तिथवर येऊच दिलं नाही. मधेच झगा मागवला, अंगठी मागवली. चाकरीचं बोलणं पोराच्या तोंडातच राहिलं."

माझं मात्र ते चाकरीचं बोलणं कधी थांबलं नाही. शब्बाथ शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं मिळवली. मोठेपणी मंडळीची कामं अंगावर घेतली, वर्गणी कधी चुकवली नाही. एखाद्या रविवारी देवळात जाणं झालं नाही की आठवडाभर चोरट्यासारखं वाटे. देवाच्या घरात मुलगा म्हणून आलेला मी चाळीस वर्षं चाकराचा पगार मोजत होतो. 'बाटगा' म्हणणाऱ्या त्या मुलाला मी कधीच माफ करून टाकलं होतं. पण त्याचं म्हणणं मनात खरं धरून बसलो होतो. दयेवर आलेल्या माणसानं आपली लायकी सिद्ध करत राहावं, असंच मला वाटत होतं.

एकदा आजीला विचारलं, "पणजीची ती सवय कधी सुटली?"

"सुटली कुठं? शेवटच्या दिवशी अंथरूण आवरताना मीच उशी उचलली. तुकडा होताच."

"म्हणजे तिचा विश्वास बसलाच नाही?"

आजीनं जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, "तिचा बसला का नाही, ते प्रभूला ठाऊक. पण केडगावला आल्यापासून आई एक दिवस उपाशी निजली नाही."