ताप उतरला, पण पायातला जोर गेला? अशक्तपणा समजू नका, 'जीबीएस' असू शकतो

अमरावती/अकोला : पावसाळ्यात वऱ्हाडात ताप, हगवणीची साथ नवी नाही. चार-आठ दिवसांत माणूस बरा होऊन वावरात जायला लागतो. पण क्वचित एखाद्याला त्यानंतर काही दिवसांनी पायात मुंग्या येतात, बसल्यावर उठवत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, सलाईन लावू. इथेच वेळ वाया जातो. हा गुलियन बॅरे सिंड्रोम म्हणजेच जीबीएस असू शकतो.

नेमकं होतं काय?
जंतूला मारायला शरीर अँटीबॉडी तयार करते. काही जंतूंचा भाग आणि आपल्या मज्जातंतूंचा भाग सारखा असतो. त्यामुळे जंतू गेल्यावरही अँटीबॉडी मज्जातंतूंवरच हल्ला करतात. मोटारपंपाच्या वायरचं रबर सोललं की करंट नीट जात नाही, तसा मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोहोचत नाही. पोलिओत विषाणू स्वतः मज्जापेशी मारतो. इथे आपलीच फौज आपल्यावर उलटते.

कशानंतर होतो?
चिकुनगुनिया, झिका, कोविड यांसारख्या विषाणूंनंतर. तसेच कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या जुलाबानंतर. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात साथ आली, राज्यात २०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर, तर काहींत नोरोव्हायरस सापडला. जीबीएस स्वतः एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

केव्हा धावपळ करायची?
- दोन्ही पायांतली कमजोरी वर हातांकडे सरकत असेल
- चेहरा वाकडा होणे, गिळता न येणे
- बोलताना धाप लागणे

अशा वेळी मालीश, झाडफूक करत बसू नका. १०८ ला फोन करा. व्हेंटिलेटरची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. अकोल्याचं सर्वोपचार, अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन) येथून पुढची दिशा मिळते. १५ वर्षांखालील मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर आशाताईंना लगेच कळवा. पोलिओ तपासणीसाठी शौचाचे नमुने घेतले जातात.

उपचार काय?
इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं, नाहीतर प्लाझ्मा बदलणे. दोन्ही पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त फायदा होतो. नुसत्या स्टेरॉईडच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा चालू लागतात, पण श्वास अडकला तर जीव जाऊ शकतो.

पाणी उकळून प्या, मांस-अंडी नीट शिजवा, घराभोवती पाणी साचू देऊ नका. आणि ताप गेल्यावर पायाकडेही लक्ष ठेवा.