शिरेतून हृदयाच्या दारी

अत्यवस्थ रोग्याच्या मानेतून किंवा गळ्याच्या हाडाखालून आत गेलेली बारीक नळी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिचे टोक हृदयाजवळच्या महाशिरेत असते. हाताच्या शिरेला न सोसणारी जहाल औषधे तिथे सोडली, की रक्ताच्या मोठ्या प्रवाहात ती तत्काळ पातळ होतात. आज नित्याची झालेली ही युक्ती एका अवज्ञेतून जन्मली, हे मात्र आपण विसरतो.

१९२९ चा उन्हाळा. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावी इस्पितळात वेर्नर फोर्समान हा पंचविशीतला डॉक्टर काम करीत होता. छातीत सुई न खुपसता हृदयापर्यंत औषध पोचवता येईल काय, हा त्याचा ध्यास. घोड्याच्या हृदयात शिरेवाटे नळी घातल्याचे चित्र त्याने पाहिले होते. घोड्याला सोसते ते माणसाला का सोसू नये? वरिष्ठांनी परवानगी नाकारली. हत्यारांच्या किल्ल्या परिचारिकेपाशी. ती स्वतःच प्रयोगाला तयार झाली. फोर्समानने तिला टेबलाशी बांधले खरे, पण शीर उघडली ती स्वतःच्या डाव्या हाताची! मूत्रमार्गासाठी वापरायची नळी ६५ सेंटिमीटर आत सारून तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला. चित्रात नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसले.

पदरी पडली ती उपेक्षा. तो मूत्ररोगांकडे वळला. न्यूयॉर्कच्या कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी पुढे ही वाट रुळवली, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. हाच फोर्समान नाझी पक्षाचा सभासद होता, हेही आपण झाकून ठेवू नये.

दरम्यान १९५२ मध्ये फ्रेंच शल्यविशारद ओबान्याक यांनी गळ्याच्या हाडाखालची शीर गाठली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी, मुळात रोहिणीसाठी, सोपी रीत सांगितली: आधी सुई, सुईतून तार, सुई काढून तारेवरून नळी, मग तार बाहेर. शीर चिरण्याचे कारणच उरले नाही.

पण औषधाच्या वाटेने जंतूही जातात. हात धुणे, रोग्याला निर्जंतुक वस्त्राने पूर्ण झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसणे, जांघेतील शीर शक्यतो टाळणे, अनावश्यक नळी काढणे, एवढ्या पाच नियमांनी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत असे संसर्ग फार घटले; तो अहवाल २००६ चा. अवज्ञेने उघडलेली वाट अशी शिस्तीने निर्धोक झाली. म्हणून आपल्या माणसाच्या उशाशी बसलेल्या आपणही नम्रपणे विचारावे: डॉक्टर, ही नळी आज हवीच आहे काय?