फितीचा रिकामा भाग

२००९ साली आम्ही वडिलोपार्जित घर सोडून दोन खोल्यांच्या सदनिकेत राहावयास आलो. पुस्तकांतले एकही टाकायचे नाही, याविषयी आम्हा उभयतांचे (आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक) एकमत होते. अडचण होती ती माळ्यावरच्या तीन खोक्यांची. त्यांत सव्वाशेच्या आसपास कॅसेटी होत्या. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात आकाशवाणीवरून, मैफलींतून आणि स्नेह्यांच्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेल्या. घरातला प्लेअर कधीच बंद पडला होता. कॅसेटींचे एमपीथ्री करून देणारे एक दुकान जवळच होते. दुकानदाराने विचारले, "मधला रिकामा भाग ठेवू की काढू?" आम्ही म्हणालो, "काढा." पंधरवड्याने दोन डीव्हीडी हाती आल्या आणि खोकी भंगारात गेली. घर मोकळे झाले, याचा आनंद आम्ही तेव्हा मनापासून मानला.

अडगळ कमी करण्यासाठी एका माध्यमातला ऐवज दुसऱ्या माध्यमात उतरवणे, हा व्यवहार संगणकाने आणलेला नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडू लागले, तेव्हा जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरचे मोडी कागदांचे रुमाल म्हणजे घरच्यांच्या लेखी अडगळच होती. कोणी ते वाण्याला पुड्यांसाठी देत, कोणी बंबात घालत. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे मोडीतून बाळबोधीत येऊन छापली गेली. हेही माध्यमांतरच. छापील पानावर मजकूर आला. हस्ताक्षराचे वळण, कागदाच्या घड्या, मागाहून केलेली खाडाखोड मात्र येऊ शकली नाही. तरीही राजवाड्यांचा व्यवहार आमच्याहून निराळा होता. छापून झाले म्हणून कागद बंबात घालावेत, असे त्यांना वाटले नाही. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते मूळ कागदांना हक्काचे छप्पर मिळावे म्हणूनही. मूळ कागद टिकला तर वाचनातली चूक पुढच्या पिढीला दुरुस्त करता येते. मोडी वाचताना चूक किती सहज होते, हे ती लिपी शिकू पाहणाऱ्या कोणालाही विचारावे.

आवाजाच्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि १९०२ साली फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन कलकत्त्याला उतरला. एका वर्षाच्या अंतराने मराठी रंगभूमीचा तो प्रख्यात गळा कायमचा हुकला. गैसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीतून आपले नाव सांगते. त्यामागे अहंकार नव्हता. मेणावर घेतलेले मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तिथे तबकड्या निघत, आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कोणाचे नाव घालायचे ते कळावे, म्हणून ही सोय होती. गाण्याच्या दृष्टीने हे शब्द अगदी अनावश्यक. 'रिकामा भाग काढा' म्हणणाऱ्याने ते निःसंकोच काढावेत असेच. पण शंभराहून अधिक वर्षांनंतर त्या बाईचे गाण्याबाहेरचे बोलणे कानावर पडते, ते त्याच जागी.

दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. वन्समोअरांनी रंगत जाणारे बालगंधर्वांचे पद तेवढ्यात बसवावे लागे. म्हणजे पहिली कात्री मुद्रणाच्या क्षणीच लागलेली असे. दुसरी चूक उतरवून घेताना होते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते हे आपण पाठ केलेले असले, तरी आरंभीच्या तबकड्या याहून कमी-अधिक वेगानेही मुद्रित झालेल्या आहेत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ने वाजवली की गायकाची पट्टी जवळजवळ एका पट्टीने, म्हणजे काळी एकची पांढरी दोन होण्याइतकी, चढते. तशीच फाइल झाली आणि तबकडी फुटली (लाखेचीच ती, फुटायचीच), तर तो गायक त्या पट्टीत कधी गायलाच नव्हता, हे कशावरून सिद्ध करणार?

कॅसेट १९६३ साली फिलिप्सने आणली आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचली. तबकडी आणि तिच्यात एक मूलभूत फरक आहे, त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे जात नाही. तबकडी कंपनीची, कॅसेट घरच्या माणसाची. लाल बटण दाबले की कोणीही मुद्रक. त्यामुळे साठ मिनिटांच्या फितीवर नाट्यगीत संपल्यावर उरलेल्या जागेत काय असेल, हे लेबलावरून कळत नाही. एमपीथ्रीने सीडीच्या दर्जाच्या ध्वनीचा आकार सुमारे एक दशांशावर आणला, तो माणसाच्या कानाला जाणवणार नाही असे मानलेले वगळून. तिथे निदान कानाचा अभ्यास तरी झालेला होता. दुकानातल्या संगणकाला एवढेच सांगितलेले होते की, आवाज ठरावीक पातळीखाली काही वेळ राहिला की फाइल तिथे संपवावी.

आईंच्या वर्षश्राद्धाला नणंदेने विचारले, "ती ओव्यांची कॅसेट कुठे आहे?" वडिलांनी १९८७ च्या दिवाळीत आईंना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या होत्या आणि हाती होती त्या नाट्यसंगीताच्या कॅसेटीच्या शेवटी त्या घेतल्या होत्या. आधी चारपाच मिनिटे फीत कोरी सोडली होती, गाण्यावर चुकून चढू नये म्हणून. आम्ही फाइल लावली. पद संपते, टाळ्या पडतात, आणि फाइल संपते.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे त्या संग्रहातली ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरली, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदलेले राहिले. आम्ही वर्गात त्या ओव्या शिकवतो. लोकसाहित्याची मौखिक परंपरा या विषयावर आमच्यापैकी एकीने प्रबंधही लिहिला आहे!

वडिलांच्या एका मित्राकडे वाचायच्या पुस्तकांबरोबर गेलेल्या अठरा कॅसेटी गेल्या वर्षी परत आल्या. जुन्या बाजारातून एक चालू डेक मिळवला. या खेपेस दोन्ही बाजू, पहिल्या सेंटिमीटरपासून शेवटच्यापर्यंत, काहीही न कापता उतरवतो आहोत. नव्वद मिनिटांच्या फितीला नव्वद मिनिटे लागतात. त्यात घाई चालत नाही. मूळ कॅसेटी कपाटाच्या खालच्या खणात आहेत, त्यासाठी चादरी वर हलवाव्या लागल्या. अकरा झाल्या. सातव्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला वीस मिनिटांच्या शांततेनंतर कुकरची शिट्टी आहे, कोणीतरी "अहो, ते चालू राहिलंय" म्हणते, आणि बटण दाबल्याचा खटका. आवाज आईंचा आहे की मावशींचा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.