लहानमोठ्या नोंदींचे विलीनीकरण

विलीनीकरण हा शब्द माळव्यातील वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९४८ साली होळकर, शिंदे आणि आसपासची लहान संस्थाने मिळून मध्यभारत झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तोही नव्या मध्य प्रदेशात मिळून गेला. मग मध्यभारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल येथील कर्मचाऱ्यांच्या एकत्रित ज्येष्ठता याद्या करण्याचे किचकट काम कचेऱ्यांपुढे येऊन पडले. पदनामे निराळी, वेतनश्रेण्या निराळ्या. कोणते पद कोणत्या पदाच्या बरोबरीचे हे आधी ठरविल्यावाचून नावे एका क्रमात लावताच येत नसत. अगदी याच जातीचा प्रश्न मेनफ्रेम म्हणविणाऱ्या मोठ्या संगणकांपुढेही उभा राहिला. दोन फाइलींतील नोंदींची लांबी सारखी नसेल तर त्या एकत्र कशा करावयाच्या, हा तो प्रश्न. सरकारी नोकरीत हयात गेलेल्यांस यंत्राच्या पोटातील एवढ्याशा गोष्टीत रस का वाटावा, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, ही गोष्ट वस्तुतः यंत्राची नसून दप्तराची आहे.

नोंदीची लांबी मुळात ठरली ती पुठ्ठ्याच्या आकारावरून. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी छिद्रे पाडलेली कार्डे वापरली, आणि पुढे १९२८ साली आयबीएम कंपनीने ८० रकान्यांचे कार्ड काढले. एका माणसाची माहिती ऐंशी अक्षरांत बसवावयाची, अशी शिस्त तेव्हापासून लागली. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि अडीच कोटींहून अधिक कामगारांची खाती सांभाळण्याचे काम अंगावर आले. त्यासाठी १९३७ मध्ये आयबीएमने ‘कोलेटर’ नावाचे यंत्र आणले. आधी क्रमाने लावलेल्या कार्डांच्या दोन चळती त्यात दोन बाजूंनी घालावयाच्या. यंत्र दोहोंच्या वरच्या कार्डावरील क्रमांक ताडून पाही आणि लहान क्रमांकाचे कार्ड आधी खाली सोडी. विलीनीकरणाचे सारे तत्त्व एवढेच, आणि आजही ते बदललेले नाही. मात्र दोन्ही चळती आधीच क्रमाने लागलेल्या हव्यात आणि क्रमांक दोन्ही कार्डांवर त्याच रकान्यांत हवा, या अटी तेव्हापासूनच्या. लांबीचा प्रश्न येतच नसे, कारण कार्ड सगळीकडे तेवढेच.

१९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी अद्याप बांधल्याही न गेलेल्या एडव्हॅक संगणकासाठी हाताने लिहून ठेवलेला कार्यक्रम हा विलीनीकरणाने क्रम लावण्याचाच होता. गणित सोडून इतर कामेही हे यंत्र करील काय, हे त्यांना पाहावयाचे होते. पण व्यवहारात हे तंत्र आणले ते बेटी होल्बर्टन यांनी. एनिअॅक या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर काम करणाऱ्या सहा स्त्रियांपैकी त्या एक. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याचा आम्हांस खेद वाटतो. १९५१ च्या सुमारास त्यांनी युनिव्हॅक संगणकासाठी ‘सॉर्ट-मर्ज जनरेटर’ रचला. फाइलीचे वर्णन यंत्रास द्यावयाचे, आणि त्या फाइलीस योग्य असा कार्यक्रम यंत्राने स्वतःच लिहावयाचा. नोंद केवढी आणि क्रमाचा रकाना कुठे, हे ज्ञान प्रथमच कार्डापासून सुटे होऊन कागदावर मांडले गेले.

चुंबकीय फितींच्या त्या काळात क्रम लावणे हा संगणकाचा रोजचा उद्योगच होता, कारण फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागे. १९७३ साली डोनाल्ड नूथ यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. संगणकाचा पाव हिस्सा वेळ याच कामात जातो, असा उत्पादकांचा अंदाज त्यात नमूद आहे. या कामास पैशाचे मोलही होते. सॉफ्टवेअरसाठी अमेरिकेत दिलेले पहिले पेटंट १९६८ चे आणि मार्टिन गोएट्झ यांचे. ते क्रम लावण्याच्याच पद्धतीवर होते.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम ३६० जाहीर केली, आणि येथून आमच्या विषयास खरी सुरुवात होते. या संगणकावर नोंदी दोन प्रकारच्या असत. एक ठराविक लांबीच्या आणि दुसऱ्या बदलत्या लांबीच्या. बदलत्या लांबीच्या प्रत्येक नोंदीच्या कपाळी चार बाइटांची एक चिठ्ठी असते. ‘मी एवढी लांब आहे’ हे तीवर लिहिलेले, आणि त्या लांबीत ते चार बाइटही धरलेले. म्हणून ऐंशीची नोंद या वेशात चौऱ्याऐंशीची होते, आणि पहिल्या बाइटापासून सुरू होणारा खातेक्रमांक पाचव्यापासून सुरू झाला असे मोजावे लागते. नवशिके हमखास फसतात ते या चार बाइटांपाशी.

आता ऐंशीची एक आणि शंभराची एक अशा ठराविक लांबीच्या दोन फाइली विलीन करावयाच्या आहेत असे समजा. आयबीएमची डीएफसॉर्ट किंवा तिची प्रतिस्पर्धी सिंकसॉर्ट ही उपकरणे त्या तशाच स्वीकारीत नाहीत. आधी एकीस दुसरीच्या मापाची करावी लागते. मोठी कापून लहान केली तर वीस अक्षरे कायमची जातात आणि यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही, कारण तसा हुकूम आपणच दिलेला असतो. म्हणून लहानीस वीस रिकामी अक्षरे जोडावयाची, ही सर्वमान्य रीत.

पण रिकामे म्हणजे काय? शंभराच्या नोंदीत त्या वीस अक्षरांच्या जागी निवृत्तिवेतनाच्या वर्गणीची रक्कम असेल, आणि ती ‘पॅक्ड डेसिमल’ पद्धतीने, म्हणजे एका बाइटात दोन अंक कोंबून लिहिलेली असेल, तर तेथे पडलेले कोरे अक्षर यंत्रास अंक म्हणून वाचता येत नाही. बेरजेच्या वेळी सारे काम मध्येच बंद पडते, आणि ‘एस-शून्य-सी-सात’ ही खूण पडद्यावर येते. मेनफ्रेमवर काम केलेल्या कोणासही ती झोपेतून उठवून विचारली तरी ओळखता येईल. हे टाळण्यासाठी कोऱ्याऐवजी शून्य भरतात. काम बिनबोभाट पार पडते. तथापि, जुन्या फाइलीत वर्गणीची नोंदच नव्हती, आणि नव्या फाइलीत मात्र ‘वर्गणी शून्य’ असे छापून येते. माहीत नसणे आणि नसणे यांतील अंतर तेथे पुसले जाते. पुढे दहा वर्षांनी ती यादी पाहणाऱ्या कारकुनास त्या माणसाने काहीच भरले नाही असे दिसेल, आणि तो तसाच निकाल देईल. बंद पडणारे यंत्र आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. रात्रीच्या पाळीतील चालकाचे मत अर्थात निराळे असू शकेल.

या प्रश्नाचे सर्वांत मोठे प्रदर्शन २००० सालच्या आधी झाले. कार्डावर जागा वाचविण्यासाठी सन दोनच अंकांत लिहिण्याची रूढी पडली होती, ती फितींवर आणि डिस्कांवरही तशीच आली. दोन अंकी सनावर क्रम लावला की ‘००’ ची नोंद ‘९९’ च्या आधी येऊन बसे. उपाय दोन होते. सन चार अंकी करावयाचा, म्हणजे प्रत्येक तारखेमागे नोंद दोन अक्षरांनी वाढणार आणि जुन्या फितींवरील नोंदी आखूड राहणार. नाहीतर नोंद तशीच ठेवून अमुक अंकांपर्यंतचे सन एकविसाव्या शतकातले आणि बाकीचे विसाव्यातले असे यंत्रास सांगावयाचे. क्रम लावणाऱ्या उपकरणांत अशी शतकाची खिडकी तेव्हा मुद्दाम घालण्यात आली. पुष्कळांनी तोच मार्ग पत्करला, कारण लांबी बदलली की ती फाइल वाचणारा प्रत्येक कार्यक्रम बदलावा लागे. ज्यांनी लांबी वाढविली त्यांस जुन्या दप्तराशी मेळ घालण्यासाठी वर सांगितलेले सारे सोपस्कार करावे लागले.

पुढे या उपकरणांत ‘जॉइनकीज’ नावाची सोय आली. तीत दोन्ही फाइलींची लांबी, प्रकार आणि क्रमांकाची जागा वेगवेगळी असली तरी चालते. दोहोंतून कोणता भाग घ्यावयाचा ते लिहून द्यावयाचे, आणि न मिळालेल्या भागात कोणते अक्षर भरावयाचे तेही आपणच सांगावयाचे. शिवाय मागितल्यास प्रत्येक नोंदीत एका अक्षराची खूण मिळते. नोंद दोन्ही फाइलींत सापडली असल्यास ‘बी’, फक्त पहिलीत असल्यास १, फक्त दुसरीत असल्यास २. त्या एका अक्षराची जागा नव्या नोंदीत राखून ठेवली, तर पुढे यादी वाचणाऱ्यास शून्य कोठून आले हे विचारता तरी येते.