पन्नास तासांचे बाळंतपण

इंग्लंडमधील सरे परगण्यात एशर नावाच्या गावाजवळ क्लेअरमाँट नावाचा एक प्रशस्त वाडा आहे. १८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ३ तारखेस, सोमवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास त्या वाड्यात एकवीस वर्षांच्या एका तरुणीला कळा येऊ लागल्या. बाळंतपणाचे दिवस उलटून दोन आठवडे झाले होते. सुईणीपासून राजवैद्यापर्यंत सारी सिद्धता होती. शेजारच्या दालनात, तेथल्या रिवाजाप्रमाणे जन्माची साक्ष देण्यासाठी, मंत्रिमंडळातील मातबर गृहस्थ आणि कँटरबरीचे आर्चबिशप रात्रभर खुर्च्यांवर ताटकळत बसले होते. कारण ही तरुणी म्हणजे इंग्लंडच्या गादीची वारस, राजकन्या शार्लट. म्हाताऱ्या तिसऱ्या जॉर्ज राजाची बारा मुले तेव्हा हयात होती. परंतु औरस नातवंड असे हे एकच. एवढ्या मोठ्या गोतावळ्याचा आणि राज्याचा भार त्या एका मुलीच्या कुशीवर येऊन ठेपला होता.

मूल मोठे असले तर बाळंतपण आपोआप होऊ द्यावे की शस्त्राचा आधार घ्यावा, हा प्रश्न आज अनेक घरांत उपस्थित होतो. त्याच्या इतिहासात क्लेअरमाँटच्या त्या दोन रात्रींना जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही बाळंतपणाला नाही. म्हणून श्रोत्यांस तेथेच थोडा वेळ थांबवावेसे वाटते.

राजकन्येचे प्रसूतिवैद्य सर रिचर्ड क्रॉफ्ट हे त्या काळच्या लंडनमधील अतिशय प्रतिष्ठित वैद्य. त्यांच्या जोडीला डॉक्टर मॅथ्यू बेली. हे दोघे साडूसाडू. थोर प्रसूतितज्ज्ञ टॉमस डेनमन यांचे जावई. डेनमन दोन वर्षांपूर्वीच वारले होते. पण त्यांची शिकवण या घरात जणू कुलधर्मासारखी पाळली जात होती. ती शिकवण अशी की, निसर्गाच्या कामात वैद्याने हात घालू नये. मुलाचे डोके जन्ममार्गाच्या अगदी तोंडाशी येऊन सहा तास खोळंबल्यावाचून चिमट्यास स्पर्शही करू नये.

या शिकवणीला आज हसणे सोपे आहे. पण ती अविचारातून आलेली नव्हती. चेंबरलेन नावाच्या घराण्याने सतराव्या शतकात प्रसूतीचा चिमटा शोधून तो पिढ्यान् पिढ्या गुप्त ठेवला होता. पुढे ते रहस्य फुटले. विल्यम स्मेली यांच्यासारख्या विवेकी शिक्षकाने तो कसा व केव्हा वापरावा हे शिकवले खरे, परंतु अर्धवट शिकलेल्यांच्या हाती तो पडताच मुलांची डोकी चिरडू लागली आणि आयांची अंगे फाटू लागली. त्याची प्रतिक्रिया म्हणून विल्यम हंटर आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःचा गंजलेला चिमटा काढून दाखवीत आणि हा गंज म्हणजेच आपण तो वापरीत नसल्याची खूण, असे सांगत. बेली हे याच हंटर यांचे भाचे. म्हणजे शार्लटच्या उशाशी जे बसले होते ते संयमाला धर्म मानणाऱ्या परंपरेचे थेट वारस होते.

गर्भारपणात मूल फार वाढू नये म्हणून राजकन्येचे जेवण कमी केलेले होते, आणि तिचे रक्तही वरचेवर काढीत असत. आपल्याकडेही पोटुशीने पोटभर जेवू नये, मूल मोठे होऊन बाई अडेल, असे सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. या उपायाने आई मात्र अशक्त होते. शार्लटचे तेच झाले. तिच्या पतीचे, म्हणजे राजपुत्र लिओपोल्ड यांचे खासगी वैद्य स्टॉकमार हे जर्मन. त्यांना हा उपचार पसंत नव्हता; पण परक्याने इंग्लंडच्या वारसाच्या बाळंतपणात पडू नये, अपयश आले तर सारे खापर आपल्यावर फुटेल, अशा धोरणी विचाराने ते दूर राहिले.

कळा सुरू झाल्या त्या मंद व विस्कळीत. जन्ममार्गाचे द्वार पूर्ण उघडण्यास सव्वीस तास लागले. मंगळवारची रात्र उलटली तेव्हा, गरज पडल्यास चिमटा लावण्यासाठी म्हणून, डॉक्टर जॉन सिम्स यांना लंडनहून बोलावण्यात आले. बुधवारी पहाटे ते आले. त्यांना वाड्यात ठेवून घेतले, सल्ला विचारला, परंतु राजकन्येसमोर मात्र नेले नाही. चिमटा जवळ, तो चालवणारा जवळ, आणि तरी तो वापरण्याचा निर्णय कोणी घेईना. बुधवारी दुपारी अंगावरून जे जाऊ लागले त्याचा रंग गडद हिरवा झाला. मूल गर्भाशयात गुदमरत असल्याची ती खूण होती. तरीही वाट पाहणे चालूच राहिले. अखेर रात्री नऊ वाजता, पन्नासाव्या तासाला, मूल आपसूक जन्मले. नऊ पौंड वजनाचा, उत्तम बांध्याचा मुलगा, पण मेलेला. त्याला ऊन पाण्यात घालून, चोळून, त्याच्या तोंडात वारा फुंकून पाहिले, व्यर्थ.

वार सुटेना म्हणून क्रॉफ्ट यांना ती हाताने काढावी लागली. रक्त बरेच गेले. आई मात्र सावरल्यासारखी दिसली. थकलेले लोक झोपावयास गेले. मध्यरात्रीनंतर तिचा जीव घाबरा झाला, नाडी सुटू लागली, आणि गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, पहाटे अडीच वाजता ती गेली. विंडसर येथे तिला पुरले तेव्हा मुलाची पेटी तिच्या पायांशी ठेवली. देशभर एवढा शोक झाला की सुतकाचे काळे कापड दुकानांतून मिळेनासे झाले.

यानंतर जे झाले त्याचा धागा आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. वारसच न उरल्याने राजाच्या प्रौढ मुलांनी १८१८ साली घाईघाईने लग्ने केली, आणि त्यांपैकी ड्यूक ऑफ केंट यांना १८१९ च्या मे महिन्यात मुलगी झाली. तिची आई ही लिओपोल्ड यांचीच बहीण. मुलीचे नाव व्हिक्टोरिया. १८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन ज्या राणीचा जाहीरनामा हिंदुस्थानात गावोगाव वाचला गेला, ती राणी गादीवर आली याचे मूळ क्लेअरमाँटच्या त्या खोलीत आहे.

क्रॉफ्ट यांना प्रिन्स रीजंटने, म्हणजे शार्लटच्या वडिलांनी, दोष दिला नाही; उलट सांत्वनच केले. जनता मात्र क्षमा करण्यास तयार नव्हती, आणि क्रॉफ्ट स्वतः तर नव्हतेच. तीन महिन्यांनी, १८१८ च्या फेब्रुवारीत, ते दुसऱ्या एका स्त्रीच्या बाळंतपणासाठी तिच्या घरी गेले होते. तिथेही कळा लांबल्या. १३ तारखेच्या पहाटे त्याच घरात त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आई, मूल आणि वैद्य अशा तीन जिवांच्या या शोकांतिकेवर सर ईअर्डली हॉलंड यांनी १९५१ साली लिहिलेला निबंध प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात मान्यता पावला आहे. चिमटा वेळेवर लावला असता तर निदान मूल तरी वाचण्याचा पुष्कळ संभव होता, असे आज बहुतेक जाणते मानतात. मला वाटते, क्रॉफ्ट यांचा अपराध निष्काळजीपणाचा नव्हता. गुरूचा नियम समोरच्या बाईपेक्षा खरा मानण्याचा होता.

मग पोट फाडून मूल का काढले नाही, असे आजचा श्रोता सहज विचारील. १८१७ साली तो पर्यायच नव्हता. इंग्लंडमध्ये त्या शस्त्रक्रियेनंतर आई वाचल्याचे उदाहरण १७९३ चे, लँकशायरमधील जेम्स बार्लो या वैद्याचे. परंतु त्या काळी बहुतेक बाया मरतच. ना भूल, ना जंतूंचे ज्ञान. आणि गर्भाशयाची जखम शिवावयाची असते हेही कोणी मानीत नव्हते. ज्यूलियस सीझर असा जन्मला म्हणून या शस्त्रक्रियेला ते नाव पडले, ही समजूत खरी धरता येत नाही. कारण त्याची आई ऑरेलिया पुढे पुष्कळ वर्षे जगली, आणि प्राचीन काळी हे शस्त्र मेलेल्या आईवरच चाले. सुश्रुतसंहितेतील उल्लेखही मृत मातेच्या कुशीत हालचाल करणाऱ्या गर्भासंबंधीच आहे.

जिवंत आईसाठी हा मार्ग मोकळा झाला तो हळूहळू. १८४७ साली सिम्सन यांनी एडिंबर्ग येथे क्लोरोफॉर्म वापरले. १८५३ मध्ये व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात ते घेतले, आणि त्या मुलाचे नाव ठेवले लिओपोल्ड. १८७६ साली इटलीत पोरो यांनी गर्भाशयच काढून टाकून आईला वाचवले. १८८२ मध्ये लाइपझिगच्या सेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची रीत प्रचारात आणली. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या भागात आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. आज तोच सर्वत्र घेतला जातो.

शस्त्र निर्भय झाले तसा प्रश्न उलटा फिरला. पूर्वी विचारीत, एवढा धोका पत्करावा काय. आता विचारतात, मूल मोठे आहे तर मुळात वाट तरी कशाला पाहावी? मोठ्या मुलाची खरी भीती डोक्यापेक्षा खांद्यांची. डोके बाहेर येते आणि खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकतो. काही मिनिटांत सोडवणूक झाली नाही तर मेंदूला प्राणवायू मिळत नाही. ओढाताणीत मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जाऊन हात लुळा पडू शकतो. आईचे गुडघे पोटाशी दुमडून धरणे ही साधी युक्ती यांतली पुष्कळ मुले सोडवते. पण अडचण अशी की, मूल पोटात असताना तराजूत घालता येत नाही. इयन डोनल्ड यांनी १९५८ मध्ये ग्लासगोहून ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. तिने वजनाचा अंदाज येतो. परंतु दहा-पंधरा टक्क्यांची चूक त्यात सहज राहते, आणि मोठ्या मुलाच्या बाबतीत ती अधिकच.

१९९६ साली अमेरिकेत एक हिशेब मांडला गेला. साडेचार किलोंच्या अंदाजावरून मधुमेह नसलेल्या सर्व स्त्रियांची शस्त्रक्रिया केली, तर एका मुलाचा हात कायमचा अधू होण्यापासून वाचवण्यासाठी ३,६९५ पोटे उघडावी लागतील. मधुमेही स्त्रियांत हाच आकडा ४४३. म्हणून तेथील तज्ज्ञसंस्थेने शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादा मधुमेह नसल्यास पाच किलो व असल्यास साडेचार किलो ठेवली आहे. शार्लटचे मूल चार किलोंहून थोडेसेच अधिक. नुसत्या वजनावरून आज तिचे पोट कोणी उघडले नसते. लांबलेल्या कळा पाहून मात्र बुधवारी सकाळपर्यंत नक्कीच उघडले असते.

तथापि ३,६९५ हा आकडा धोरण ठरवणाऱ्याला पुरेसा असला तरी खाटेवरच्या बाईला नसतो. १९९९ साली स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर येथे ठेंगण्या बांध्याच्या एका मधुमेही स्त्रीने, मूल मोठे आहे, ते नीट होईल ना, अशी काळजी डॉक्टरांजवळ बोलून दाखवली होती. अंदाज ३.९ किलोंचा होता. खांदा अडण्याचा संभव तिच्यासारख्या स्त्रीत शेकडा नऊ ते दहा. पण तो तिला सांगितला नाही. सांगितला तर बायका शस्त्रक्रियाच मागतील आणि ते त्यांच्या हिताचे नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. मूल ४.२५ किलोंचे निघाले. डोके आल्यावर खांदा सुटण्यास बारा मिनिटे लागली आणि मुलाला जन्मभराचे अपंगत्व आले. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने या माँटगोमेरी खटल्यात निर्णय दिला की, महत्त्वाचा धोका कोणता हे डॉक्टरांच्या प्रघातावरून ठरवावयाचे नसून त्या स्त्रीच्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटेल काय, यावरून ठरवावयाचे. आणि दोन्ही मार्ग तिच्यापुढे ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. शस्त्रक्रियेचेही धोके आहेत: रक्तस्राव, जंतुदोष, आणि पुढच्या गर्भारपणात जुन्या व्रणावर वार रुजण्याचे संकट, तेही त्यात आलेच.

क्लेअरमाँटच्या वाड्यात शेजारच्या दालनात बसलेल्या मंत्र्यांना कळांची बातमी वेळोवेळी पोहोचवली जात होती. डॉक्टर सिम्स आपल्या चिमट्यासह तेथे बुधवारचा सारा दिवस होते.