कचऱ्याचा घर्षणकोन आला कुठून?

नाशिकमध्ये कुणालाही विचारा, कचरा जातो कुठे? उत्तर ठरलेलं: घंटागाडीतून खतप्रकल्पावर. प्रकल्प पाथर्डी शिवारात, विल्होळीजवळ, पांडवलेण्यांपासून फार लांब नाही. पण ज्याचं खत होत नाही, ते चाळून बाजूला काढलेलं प्लास्टिक, चिंध्या, माती, काच कुठे जातं हे फारसं कुणी विचारत नाही. ते गाडलं जातं. सिव्हिल किंवा पर्यावरण शाखेतून तुम्ही संशोधनाला येणार असाल, तर तुमचा विषय तिथून सुरू होतो.

लँडफिलवरच्या सिनॉप्सिसमध्ये बहुधा एक तक्ता असतो. त्यात कचऱ्याचं कोहेजन 15 किलोपास्कल आणि घर्षणकोन 36 अंश असं लिहिलेलं दिसतं. हे आकडे ब्रे, झेकोस आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या कामातले. त्यांच्या चाचण्यांचा मुख्य कचरा आला होता कॅलिफोर्नियातल्या ट्राय-सिटीज लँडफिलमधून. आकडे चुकीचे नाहीत, उलट फार काळजीपूर्वक काढलेले आहेत. पण तो कचरा तिथला आहे, आणि कचऱ्याला 'माती' समजून मोजायची सवय कशी लागली हे कळल्याशिवाय तो आकडा उचलू नये असं माझं मत आहे.

कचरा हा आधी आरोग्यखात्याचा विषय होता. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा पडतोय, आणि काळजी असायची ती माश्या, दुर्गंधी आणि आगीची. अमेरिकेत फ्रेझ्नो इथे 1937 साली जीन व्हिन्सेंझ यांनी चर खणून, कचरा दाबून, वर रोज माती टाकायची पद्धत बसवली. तिथेही हेतू उंदीर-माश्या आवरण्याचाच होता. कचरा किती भार पेलतो, हा प्रश्न कुणाच्या मनात नव्हता.

तो प्रश्न ठसठशीतपणे मांडला जॉर्ज सॉवर्स यांनी, 1973 च्या मॉस्को परिषदेत. भरावावर बांधकाम करायचं तर तो किती खचेल? त्यांनी मृदायांत्रिकीची भाषा तशीच उचलली: पहिलं खचणं साधारण महिनाभरात, पुढचं संथपणे, काळाच्या लॉगरिदमनुसार. त्या दुसऱ्या टप्प्याचा गुणांक त्यांनी सुरुवातीच्या रिक्तता गुणोत्तराच्या 0.03 ते 0.09 पट धरला. कुजायला अनुकूल परिस्थिती असेल तर वरचा आकडा. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात एक फट आहे. मातीचा कण नाहीसा होत नाही, भाजीचा देठ होतो. म्हणजे ज्या घन पदार्थाच्या हिशेबाने रिक्तता मोजायची, तोच वायू आणि लीचेट होऊन निघून जातो. ही फट अजून पुरती बुजलेली नाही. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

मजबुतीचा अभ्यास मात्र अपघातांनी पुढे ढकलला. मार्च 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्सचा भराव घसरला, तो कचऱ्याच्या पोटातून नव्हे, तळाच्या लायनरच्या थरांमधून. पाणी अडवण्यासाठी घातलेला गुळगुळीत पडदाच घसरगुंडी ठरला. मग 10 जुलै 2000 रोजी मनिलाजवळ पायातास कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. फेब्रुवारी 2005 मध्ये बांडुंगजवळ लेउविगाजा कोसळून 143 गेली. दिल्लीत गाझीपूर 1 सप्टेंबर 2017 ला ढासळलं. महिने बघा. पायातास आणि लेउविगाजाच्या आधी जोरदार पाऊस झाला होता, गाझीपूर ऐन पावसाळ्यातलं. लीचेट आत तुंबलं की छिद्रदाब वाढतो, परिणामी ताण घटतो आणि 36 अंश कागदावर राहतात. ढिगाऱ्याखाली बहुतेक वेळा कचरा वेचणारी कुटुंबं असतात. म्हणून मी नवीन मुलांना कॅलिफोर्नियाआधी पायातासचे अहवाल वाचायला सांगते.

आपल्याकडे अल्मित्रा पटेल यांची 1996 ची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि पुढे 2000 चे नियम आले. तळाला 1.5 मिलिमीटर एचडीपीई पडदा, त्याखाली 90 सेंटिमीटर चिकणमाती, तिची पार्यता सेकंदाला 10⁻⁷ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. हे सगळं जगभरच्या नियमांसारखंच. मला खरी आपली वाटते ती दुसरीच अट: पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंटिमीटरचं मातीचं आच्छादन. ही अट लिहिणाऱ्याने जून महिना पाहिलेला होता!

आता नाशिकची जमीन घ्या. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला बेसॉल्ट. काळी माती प्रयोगशाळेत ओली असताना पार्यतेची अट पाळेलही, पण मे महिन्यात उघडी राहिली तर भेगाळते. लीचेट एकदा बेसॉल्टच्या सांध्यांत शिरलं की सरळ रेषेत जात नाही. एक विहीर खराब आणि शेजारची स्वच्छ, असं होऊ शकतं. त्यामुळे 'डेपोपासून अमुक अंतरावर प्रदूषण संपतं' असं वाक्य दोन-तीन नमुन्यांवरून लिहू नका.

भरलेला मालही वेगळा. खतासाठी ओलं काढून घेतल्यावर उरलेल्यात पिशव्या आणि कापड जास्त. हे तुकडे आडवे बसतात. त्यांना छेदून जाणाऱ्या पातळीवर ते दोरखंडासारखे धरून ठेवतात, पण त्यांच्याच दिशेने कापलं तर धरत नाहीत. शिवाय पाणी अडवून ते थराथरात लटकवून ठेवतात. शिअर बॉक्समध्ये नमुना कसा ठेवला हे प्रबंधात लिहिलं नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

आणि एक बारीक खड्डा, ज्यात मी स्वतः पडलेय. ओलावा 50 टक्के म्हणजे किती? पर्यावरणवाले एकूण ओल्या वजनाच्या हिशेबाने सांगतात, मृदावाले कोरड्या. तोच नमुना एकाकडे 50, दुसऱ्याकडे 100. दोन शोधनिबंधांतले आकडे एका आलेखावर टाकण्याआधी पद्धतीचा परिच्छेद वाचा. ओव्हनचं तापमानही बघा: मातीसाठीचे 105 अंश लावले तर कचऱ्यातलं पाण्याखेरीज बाकीचंही थोडं उडून जातं, म्हणून बरेच जण 60-70 अंशांवरच वाळवतात. नाशिकचे नमुने घेणार असाल तर एक फेरी मेच्या अखेरीस, आच्छादन पडायच्या आधी करा, आणि दुसरी सप्टेंबरात, त्याच जागी.